व्याहीबुवा, तुमचं मशीन परत घेऊन जा

मु. पो. वडपे, ता. भिवंडी
गुरुवार, दुपारची जेवणं झाल्यावर

रा. रा. काथोडशेठ म्हात्रे, मुक्काम खारबाव, यांना वडप्याहून दाजी पाटलाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात अजून जोडता येतात ही या पत्रातली मुख्य बातमी आहे. पुढचा सगळा मजकूर तिचा खुलासा समजावा.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंची साखर आटोक्यात आहे ना? इकडे तुमच्या दिपालीची, म्हणजे आमच्या सुनेची, तब्येत उत्तम आहे. सातवा लागला तरी पाय सुजलेले नाहीत, डॉक्टरीणबाई खूश आहेत, आणि तांदळाची भाकरी व सुकटीची चटणी ती अशा चवीनं खाते की पार्वती आमच्यापुरत्या भाकऱ्या थापायच्या विसरते. आमचा देवेश ड्युटीवर वेळेत जातो, वेळेत येत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही माझा आवाज ऐकला की आधी हसता, मग "बोला दाजीशेठ" म्हणता, आणि माझा निम्मा राग तिथेच उतरतो. या वेळी मला तो पुराच्या पुरा तुमच्यापर्यंत पोचवायचा आहे, म्हणून पत्र. नात्यानं तुम्ही व्याही. मुलीकडचे असलात तरी आमच्या घरात तुमचा मान मोठा, त्यामुळे शब्द जपून वापरतो आहे. जिथे फारच जपून वापरलेला दिसेल तिथे दातओठ खाल्लेले आहेत असं समजून वाचावं.

विषय तुम्ही पाठवलेल्या गवत कापायच्या मशीनचा आहे.

गणपतीत तुम्ही आला होतात तेव्हा चहा पिता पिता मी एवढंच म्हणालो होतो की यंदा गवत फार माजलंय. बोलायला काहीतरी हवं म्हणून बोललो. माणूस पावसाबद्दल बोलतो, हायवेच्या ट्रॅफिकबद्दल बोलतो, तसंच. त्यावर समोरच्यानं "हो ना" म्हणायचं असतं आणि चिवड्याची बशी पुढे ओढायची असते. तुम्ही पुढच्याच आठवड्यात टेम्पो पाठवलात. त्यातून चार चाकांचं, लाल रंगाचं, पेट्रोलवर चालणारं ते धूड उतरलं आणि ड्रायव्हर म्हणाला, खारबावच्या शेठनी प्रेमानं पाठवलंय. प्रेमानं पाठवलेली वस्तू परत कशी करायची? म्हणून ठेवून घेतली. पहिली चूक तिथेच झाली.

मुळात हे गवत आमच्या दारात आलं कसं, तेही एकदा ऐकून घ्या. जिथे आज लॉन आहे तिथे आमचा भात होता. माझा बाप, मी आणि पार्वती, आम्हा तिघांचं उभं आयुष्य भातातलं आणि बांधावरचं गवत उपटण्यात गेलं. मग आजूबाजूची शेतं गोडाऊनं झाली, आमचीही झाली, आणि उरलेल्या तुकड्यावर देवेशनं बंगला बांधून पुढे लॉन पाहिजे असा हट्ट धरला. गवत नर्सरीतून विकत आलं. चटईसारख्या गुंडाळ्या करून, चक्क ट्रकमधून! ते अंथरत होते तेव्हा पार्वती शेवटची गुंडाळी उलगडेपर्यंत दारातून हलली नाही. शेवटी म्हणाली, "गवत इकत आनला? मंग यक बकरी पन आना." तेव्हा आम्ही सगळे हसलो. आज मला वाटतं की या घरात अक्कल असलेलं माणूस तेव्हा तेवढं एकच होतं. बकरीला पेट्रोल लागत नाही, ऑइल लागत नाही, आणि बकरीचं पातं बदलावं लागत नाही.

तर मशीन. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस बरे गेले. दोरी ओढली की सुरू व्हायचं (कधी तिसऱ्यांदा, कधी तेराव्यांदा, पण व्हायचं), आणि मी हाफपँट घालून त्याच्या मागे मागे चालायचो तेव्हा रस्त्यानं जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघायचे. दिपाली मात्र पहिल्या दिवसापासून मागे लागली होती. काम झालं की खालचं चिकटलेलं गवत काढा, ऑइल बघा, फिल्टर बघा, कापायच्या आधी जमीन फिरून बघा. आता तुमची लेक लग्नाआधीपासून काल्हेरच्या गोडाऊनमध्ये सेफ्टीत आहे हे तुम्ही मला सांगितलं होतं, पण सेफ्टी म्हणजे नक्की काय ते सांगितलं नव्हतंत. मी समजलो, गेटवर बसून वही भरायची असेल. पिवळं जाकीट घालून फोर्कलिफ्टवाल्यांना दिवसभर फैलावर घेणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे हे मला आत्ता कळलं, जेव्हा तिला घरात बसायला लागलं आणि फैलावर घेण्यासाठी घरात मी सोडून दुसरं कोणी उरलं नाही.

या मशीनच्या हँडलला एक आडवा दांडा आहे. तो दाबून धरला तरच इंजिन चालतं, सोडला की बंद. का, तर चालवणारा पडलाबिडला तर मशीननं एकट्यानंच पुढे निघून जाऊ नये. मला हे अविश्वासाचं वाटलं. मी काय पडतोय? शिवाय दाबून दाबून हात भरून येतो. म्हणून मी तो दांडा हँडलला सुतळीनं बांधून टाकला. दिपालीनं बघू नये म्हणून सुतळीवर फडकं गुंडाळलं. (हे वाचताना तुम्ही मान हलवत असाल. हलवा. पण असा दांडा असलेलं मशीन पाठवलं कोणी, तेही लक्षात ठेवा.)

येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण. पार्वतीनं ठरवलं की मांडव, झोपाळा सगळं लॉनवर. तुमच्याकडच्या बायका येणार, आमच्याकडच्या येणार, आणि पाऊस संपल्यापासून गवत गुडघ्याला लागत होतं. म्हणून सोमवारी सकाळी मी कापायला घेतलं. जमीन फिरून बघितली का? नाही. आपल्याच अंगणात आपण काय बघायचं? मधोमध पोचलो आणि खण्णकन असा आवाज झाला की शेजारच्या गोडाऊनचा वॉचमन बाहेर आला. मुलांच्या लग्नात हळदीच्या मांडवाची एक लोखंडी खुंटी मांडववाल्यानं उपटलीच नव्हती. वरून लॉन अंथरलं गेलं, यंदाच्या पावसात माती बसली आणि तिनं डोकं वर काढलं. (लग्न दोन्ही घरांचं होतं, तेव्हा या खुंटीत निम्मा वाटा तुमचा धरतो.) त्यानंतर मशीन असं थरथरायला लागलं की माझ्या कवळीचा वरचा भाग खालच्या भागाशी भांडायला लागला. शहाण्या माणसानं तिथेच बंद केलं असतं. मी म्हटलं, एवढी एक ओळ होऊन जाऊ दे. ती ओळ अर्धी झाली आणि इंजिन आपणहून बंद पडलं.

मी मशीन आडवं पाडलं. कुठल्या कुशीवर पाडायचं याला काही नियम असतो हे मला माहीत नव्हतं. म्हशीला जशी सोयीची पडेल तशी आडवी करतात, तसं केलं. टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळायला लागलं, ऑइल कुठून तरी कुठे तरी गेलं (कुठे गेलं ते पुढे कळलं), आणि खाली बघतो तर पातं एका बाजूनं केळीच्या सालीसारखं वाकलेलं. मधोमध एक बोल्ट. मी पाना लावला आणि दुसऱ्या हातानं पातं धरून जरा फिरवलं, बोल्टला पाना नीट बसावा म्हणून.

काथोडशेठ, इथपर्यंत मी हे गमतीनं लिहिलं, पण पुढचं तसं लिहिता यायचं नाही. डास चावला म्हणून मी पात्यावरचा हात काढून मानेवर मारला. दुसऱ्या हातातला पाना पात्याला टेकलेला होता, त्या रेट्यानं पातं आणखी थोडं फिरलं, आणि बंद पडलेलं ते इंजिन एकदा बोललं. फक्त एकदा. फट्! पातं गर्रकन फिरलं आणि पाना माझ्या हातातून सुटून जास्वंदीच्या कुंडीवर आदळला. कुंडीचे तुकडे झाले. जिथे क्षणापूर्वी माझी बोटं होती तिथून पातं गेलं होतं. इंजिन गरम, दांडा सुतळीनं बांधलेला, प्लगची वायर जागेवर. पातं हातानं फिरवलं काय आणि दोरी ओढली काय, इंजिनला सगळं सारखंच, हे मला त्या दिवशी कळलं.

पार्वती भाकरीच्या पिठाच्या हातानं धावत आली. दिपाली पायरीवर बसलेली होती, तिनं सगळं बघितलं होतं. मला वाटलं आता ओरडणार. ती ओरडली नाही. हळूहळू कठड्याला धरून उठली, एक हात पोटावर ठेवून माझ्याजवळ आली, माझा उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. मग डावा घेतला. मी म्हटलं, "काही न्हाय झालं गो." तर म्हणाली, "पप्पा, आमच्या गोडाऊनमध्ये एकाचं झालं होतं. त्याचा हात मी फडक्यात धरून बसले होते, गाडी येईपर्यंत." हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं का? मग ती तिथेच, गवतात, बसली आणि रडली. पार्वतीनं तिला पिठाच्या हातांनीच जवळ घेतलं, आणि मी आपला सुतळी सोडत बसलो.

रडून झाल्यावर तिनं डोळे पुसले, खुर्ची मागवली, आणि तिथून पुढे माझी धिंडच निघाली.

नियम असा, की ती खुर्चीवरून सांगेल आणि मी करेन, आणि तिनं सांगितल्याशिवाय मी मशीनकडे बघायचंसुद्धा नाही. आधी प्लगची टोपी काढून लांब सारली, परत आपोआप टेकू नये अशी. मग मशीन थंड होईपर्यंत थांबलो. (यात चहा झाला. थांबणं हेही काम असतं, असं तिचं म्हणणं.) मग पेट्रोल डब्यात काढलं. मग मशीन आडवं केलं, पण या वेळी फिल्टर आकाशाकडे करून. आधी मी फिल्टर जमिनीकडे केला होता, त्यामुळे निम्मं ऑइल त्यात उतरलं होतं. स्पंज काढून पिळला तर मिरगुंडं तळून उरलेल्या तेलासारखं निघालं. तो साबणाच्या पाण्यात धुऊन दोरीवर वाळत घातला, माझ्या बनियनशेजारी. मग तिचे गोडाऊनचे चामड्याचे हातमोजे. ते माझ्या पंजाला लहान होतात, त्यामुळे बोटं वाकत नाहीत, आणि त्या अवस्थेत मला पाना धरायचा होता. पातं फिरू नये म्हणून मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला. बोल्ट काही हलेना. पान्याला पाइप घातला, लोंबकळलो, तरी हलेना. पार्वती बराच वेळ बघत होती. म्हणाली, "तुमी त्याला आवलताव का सोरताव?" मी आवळतच होतो. उलटीकडे ओढलं तर बोल्ट असा सुटला की मी कोथिंबिरीच्या वाफ्यात जाऊन बसलो. कोथिंबीर गेली. तिचाही हिशेब तुमच्याकडेच.

मी म्हटलं, लोहाराकडे नेऊन ठोकून सरळ करून आणतो. त्यावर सूनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या फोर्कलिफ्टवाल्यांकडे बघत असतील. वाकलेलं पातं ठोकून सरळ केलं तरी आतून तडकलेलं असू शकतं, फिरताना तुकडा उडाला तर समोरच्याच्या पोटात. तेव्हा नवीनच हवं, आणि मापाला जुनं बरोबर न्यायला हवं. मी ते पातं गोणपाटात गुंडाळलं आणि शेअर रिक्षात बसलो. भिवंडीत शिरताना खड्ड्यात रिक्षा आदळली, गोणपाट सरकलं आणि हातभर लांब, वाकलेलं, हिरव्या डागांचं लोखंड सगळ्यांना दिसलं. शेजारची बाई पर्स छातीशी धरून सरकली. रिक्षावाला आरशातून बघून फार आदरानं म्हणाला, "चाचा, मॅटर हो गया या होने का है?" मी म्हटलं, घास काटने का है. तो म्हणाला, "हां हां, सब ऐसा ही बोलते हैं." उतरल्यावर त्यानं सुटे पैसेसुद्धा मागितले नाहीत. दुकानात गर्दी होती, तरी मी गोणपाट उघडल्याबरोबर माझा नंबर पहिला लागला. पातं मिळालं, बोल्ट आणि वायसरही नवीन घेतले. जुने परत वापरायचे नाहीत, अशी घरून ताकीद होती.

आता इथे मी माझी एक चूक कबूल करतो, पण तिच्यासाठीसुद्धा जबाबदार तुम्हीच. काल दुपारी दिपाली झोपली होती. मला वाटलं, तिला उठल्यावर दाखवू की म्हाताऱ्याला पण येतं. प्लगची टोपी काढलेली, हातमोजे, ठोकळा, सगळं तिनं सांगितलं तसं केलं. पातं बसवलं, बोल्ट आवळला, टोपी लावली, ऑइल भरलं, पेट्रोल ओतलं, दोरी ओढली. आधी पांढरा धूर निघाला. थोडाथोडका नव्हे, सायलेन्सरमध्ये गेलेलं सगळं ऑइल जळायला लागलं होतं. गल्लीत लोक समजले ग्रामपंचायतीची डासांची गाडी आली. भराभर खिडक्या लागल्या, दोघी शेजारणींनी वाळत घातलेले कपडे काढले, आणि एक पोरगं आनंदानं धुरात नाचून गेलं. धूर विरल्यावर मी ऐटीत पूर्ण लॉनभर फिरलो. मशीन झकास चालत होतं, काही थरथर नाही. मागे वळून बघतो तर गवत जसंच्या तसं. नुसता भांग पाडल्यासारखं आडवं झालेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा उठून उभं राहत होतं.

मी पातं उलटं बसवलं होतं. धार मागे, बोथट बाजू पुढे.

दिपाली धुराच्या वासानं उठून बाहेर आली होती. उभ्या राहणाऱ्या गवताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि असं हसली, काथोडशेठ, की पार्वती घाबरून म्हणाली, "सांबालून गो, आतला पन हसल!" मग तिनं मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं. टोपी काढण्यापासून. मी म्हटलं, आत्ताच तर केलं. ती म्हणाली, दर वेळी पहिल्यापासूनच करायचं असतं पप्पा, म्हणूनच तर बोटं राहतात.

आज सकाळी गवत कापून झालं. त्याआधी मी अंगण फिरून बघितलं, आणखी एक खुंटी निघाली.

तर एवढा सगळा मनस्ताप दिल्याबद्दल माझं तुम्हाला नम्र सांगणं आहे की रविवारी येताना टेम्पो घेऊन यावं आणि मशीन परत घेऊन जावं. त्याच्यापायी एक जास्वंद, एक कोथिंबिरीचा वाफा आणि माझी अब्रू गेलेली आहे. यापुढे कधी मी तुमच्यासमोर गवताबद्दल, पावसाबद्दल किंवा ट्रॅफिकबद्दल काही बोललो तर कृपया नुसतं "हो ना" म्हणावं. विहीणबाईंना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. राग असला तरी माया आहेच.

तुमचा,
दाजी पाटील

ता. क. मशीन परत न्यायचं ते राहू द्या. पेनानं लिहिलंय म्हणून खोडता येत नाही. नवीन पात्यानं गवत फार सुरेख कापलं जातं.

ता. क. दुसरा. आता खरं सांगतो. डोहाळजेवण झालं की तुम्ही दिपालीला बाळंतपणासाठी खारबावला घेऊन जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मी जाणतो, तुमचा हक्क जाणतो. पण सोमवारपासून माझं मन लागत नाही. ती अंगणात खुर्चीवर बसलेली असते तेव्हा घराला कोणीतरी बघणारं आहे असं वाटतं. या खेपेला रीत बाजूला ठेवून तिला इथेच राहू दिलंत तर तुमचे उपकार होतील. पार्वतीही हेच म्हणते. देवेश काही म्हणत नाही, पण मान हलवतो. रविवारी सगळ्यांसमोर हे मला बोलता यायचं नाही, म्हणून एवढं लांबलचक पत्र. विहीणबाईंना तुम्ही समजावा.

ता. क. तिसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकिटात घालण्याआधी पत्र दिपालीला वाचून दाखवलं. मशीनच्या भागाला ती पुन्हा हसली, शेवटाला हसली नाही. मग म्हणाली, "पप्पा, सासूला विचारलंत, नवऱ्याला विचारलंत, माझ्या बाबांना विचारताय. मला कोणी विचारलंत? मला माझ्या आईकडे जायचंय." तिचं खरं आहे. तिला विचारायचं आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तेव्हा रविवारी न्या तिला, गाडी सावकाश चालवा, अंजूरफाट्याच्या पुढचे खड्डे टाळा.

माझी विनंती आता वेगळी आहे. सुनेच्या माहेरी सासऱ्यानं दर दोन दिवसांनी उगाच येऊन बसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. काही कामानं आलेला माणूस असला तर कोणी विचारत नाही. मी टेम्पोत मशीन घालून येत जाईन, काम करेन, चहा घेईन आणि निघेन. तुमच्या अंगणात घरापासून फाटकापर्यंत सगळीकडे लाद्या बसवलेल्या आहेत हे मला माहीत आहे. कोपऱ्यातल्या थोड्या काढून तिथे गवत लावून घ्या. लवकर वाढणारं बघा.